पलंगामागचा कॉक

माझ्या थोरल्या जाऊबाई, ती. ताई यांना धाकटीचा नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? मुलांचे खोकले गेले असतील आणि भाऊजींनी गोड खाणं सोडलं असेल, अशी आशा करते. (सोडलं नसलं तरी तुम्ही मला ते कळवणार नाही, हे ठाऊक आहे.) आम्ही इकडे मजेत आहोत आणि आपल्या सासूबाई तर फारच मजेत. तुमचं पत्र मिळालं. आमचं घर जुनं, नळ जुने, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईंना असल्या घरात ठेवणं तुम्हाला बरोबर वाटत नाही, म्हणून येत्या रविवारी त्यांना न्यायला येताय, हे वाचलं. तुमचा मान राखून सांगते, आई कुठेही जाणार नाहीत. घर जुनं असलं तरी ते सांभाळायला मी खमकी आहे. परवाची हकिगत ऐकलीत की तुमची खात्री पटेल, आणि दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा ती माझ्याकडूनच कळलेली बरी.

परवा सकाळी तुमचे दीर कामावर निघाले, ते कोपऱ्यापर्यंतही पोचले नसतील, तोच ओट्याखाली फाडकन आवाज झाला. सिंकच्या नळाला खालून जोडलेली नळी फुटली होती आणि पाणी थेट पिठाच्या डब्यावर उडत होतं. मी मुळीच घाबरले नाही. (किंचाळले, पण ते शेजाऱ्यांना कळावं म्हणून. शेजारी परगावी गेलेत, हे नंतर आठवलं.) विजेचा मेन स्विच मी आठवणीने सगळ्यात आधी बंद केला, याची कृपया नोंद घ्यावी. त्या नळीच्या मुळाशी एक छोटी चावी असते, ती बंद केली की काम भागतं, हे मला पक्कं माहीत आहे. वाकून ती फिरवली तर चावीच निघून हातात आली आणि पाणी आपलं चालूच. मग प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, निघालोच. (मागून त्याची बायको आंघोळीचं पाणी काढल्याचं सांगत होती, त्यावरून मी काय ते समजले.) तुमच्या दिरांना फोन केला तर त्यांनी डोकं शांत ठेवायचा सल्ला दिला आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. त्यांच्याशी काय ते मी नंतर बोलले.

आता राहिला घराचा मुख्य कॉक. तो आईंच्या खोलीत, पलंगाच्या उशामागच्या भिंतीवर आहे, कारण ती खोली म्हणजे पूर्वीची मोरी. आई त्या कॉकला खुंटी समजतात. औषधांची पिशवी, शाल, सगळं त्याच्यावरच लटकतं, आणि आम्ही इथे राहायला आल्यापासून तो कुणी फिरवलेला नाही. मी धावत गेले तोवर पाणीही माझ्यामागून उंबरठा ओलांडून आत आलं. ओल्या फरशीवर पाय टाकायचा नाही, असं डॉक्टरांनी आईंना बजावलेलं. त्यामुळे आईंना उतरता येईना, आणि पलंग सरकल्याशिवाय माझा हात कॉकपर्यंत पोचेना. मी म्हटलं, पाय वर घ्या, तुम्हाला पलंगासकट सरकवते. त्यावर आई म्हणाल्या, "थोरलीकडे असते तर ही पाळी आली नसती." (असं त्या येता-जाता म्हणतात. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणतात. तुम्ही फार मनावर घेऊ नका.)

पलंग आधी जागचा हलेना. मी कंबर कसली, पाठ लावली, आणि ओल्या फरशीवर एकदा सुटला तो सरळ कपाटावर जाऊन आदळला. तेव्हा आईंनी मला माझ्या माहेरासकट जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मग मी सगळा जोर लावून कॉक फिरवला आणि स्वयंपाकघरातला आवाज वाढला. उलटा फिरवला होता. सुलटा फिरवायला जावं तर तो हटून बसला. केसांचं तेल ओतलं, फडकं गुंडाळलं, शिव्याही दिल्या (मनात). शेवटी आईंनी आपली काठी पुढे केली. म्हणाल्या, हिची वाकडी मूठ अडकव कॉकच्या दांडीत, मी ओढते. त्या पलंगावरून ओढतायत, मी भिंतीकडून रेटतेय, असं करत करत कॉक कुरकुरला आणि एकदाचा फिरला. तरी एक बारीक धार उरलीच. तिच्यासाठी शेकायची रबरी पिशवी कापून फुटक्या नळीभोवती गुंडाळली आणि वरून आईंच्या गुडघ्याचं बँडेज करकचून आवळलं. त्यानंतर प्लंबर आला, न्हाऊन, भांग पाडून.

तात्पर्य, कसलंही संकट येवो, आम्ही दोघी त्याला पुरून उरतो. रविवारी जरूर या. जेवायला या, राहायला या, पण न्यायला येऊ नका. भाऊजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची,
धाकटी

ता. क. प्लंबर बँडेज बघून काही बोलला नाही, पण भिंत ठोकून बघितल्यावर पुष्कळ बोलला. पाइप आतून गंजलेत. भिंत फोडून नवे टाकावे लागणार, आणि ती भिंत नेमकी आईंच्याच खोलीतली.

आणखी एक ता. क. हे पत्र पाकिटात घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. खरं लिहिते. त्या धुळीत आणि ओलीत आईंना ठेवायला माझं मन घेत नाही. परवा त्या घसरल्या असत्या तर, हा विचार डोक्यातून जात नाही. रविवारी या आणि त्यांना घेऊन जा. फक्त काम संपेपर्यंत. मग मी स्वतः न्यायला येईन, तेव्हा तुम्ही अडवायचं नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगा, माझ्याने होणार नाही.

थोरलीस आशीर्वाद. धाकटीने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा आधी वाचून घेतलं. तिने गाळलेलं मी लिहिते. पलंग ढकलताना ती रडत होती. मला वाटलं, पाण्याला भ्याली. तसं विचारलं तर म्हणाली, "आई, तुम्ही खरंच ताईंकडे जाणार का?" घरभर पाणी आणि हिला ही काळजी. मी काही येत नाही. भिंत फोडू देत, मी स्वयंपाकघरात झोपेन. तू रविवारी ये आणि तिच्यादेखत मला सांग की तुमच्याकडे सध्या जागा नाही. मी तिच्यासाठी राहिले असं तिला कळलं, तर डोक्यावर बसेल.