शाळेची ओळख, दोन पानं

२३ जून

हेडमास्तर प्रभाकर सरांनी आज काम लावलं. हायस्कूलला साठ वर्षं होतायत, स्मरणिकेसाठी ‘आपल्या शाळेची ओळख’ मी लिहायची. दोन पानं. ‘पद्मजाबाई, तुमच्याइतकं जुनं इथं आहे कोण?’ खरंच कोण! तीस वर्षं झाली. पुढच्या मेमध्ये रिटायर.

२६ जून

पानं लिहून झाली. कोळीवाड्यातली, मोहल्ल्यातली, बांधकामांवरच्या मजुरांची मुलं एका बाकावर बसतात, ते लिहिलं. ईदनंतर स्टाफरूममध्ये शीरखुर्म्याचे डबे, गणपतीत करंज्या. कबड्डीच्या ढाली. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा दीड वर्ष रिकामी आहे, ते मात्र नाही लिहिलं. सरच म्हणाले, ‘स्मरणिकेत रडगाणं नको.’

१ जुलै

दहावीतली हादिया शाळा सुरू झाल्यापासून आलेली नाही. पहिल्या तिघींतली मुलगी!

८ जुलै

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. वडील कतारला असतात. आई, सुगरा, माझ्याकडे जरा रोखूनच बघत होती. आधी पाणी दिलं, मग म्हणाली, ‘बाई, विज्ञानाच्या तासाला पोरं नुसती गप्पा मारत बसतात म्हणते ही. रोज पाठवून फायदा काय? शिवणाच्या क्लासला घातलंय. तिथं निदान हाताला काही लागतं.’

मी म्हटलं, ‘दहावीचं वर्ष आहे हो.’

‘मग शिकवा ना!’

हादिया पडद्याआड उभी होती. नुसते पाय दिसत होते. तिची आई खोटं कुठे बोलत होती?

९ जुलै

पानं फाडली. पुन्हा लिहिली. या वेळी रिकाम्या तासांसकट.

१२ जुलै

पालकसभा. सरांना न विचारता सगळं वाचून दाखवलं. ‘दहावीच्या मुलांना दीड वर्ष विज्ञान कुणी शिकवलेलं नाही’—हे वाक्य आलं आणि सर खाली बघत बसले.

मग दमयंतीबाई उठल्या. त्यांची दोन्ही मुलं आमच्याकडेच शिकली, आता नातू पाचवीत आहे. ‘आमाला आदी का नाय सांगितलात? आमची सून अंकिता बीएस्सी हाय. येल ती शिकवाला. तुमी फकस्त खडू द्या!’

लोक हसले. मीही. मागच्या रांगेत सुगरा बसली होती. ती हसली नाही. पण शेवटपर्यंत थांबली.

१६ जुलै

अंकिताचा पहिला तास. लिंबाचा रस आणि खायचा सोडा—फेस टेबलावर! वर्गात हा गलका. सर खिडकीबाहेर उभे होते. जाताना एवढंच म्हणाले, ‘ती पानं आहेत तशीच छापू.’

१८ जुलै

हादिया आली!! दुसऱ्या बाकावर. आल्या आल्या बुडलेला अभ्यास उतरवायला माझ्याकडे वह्या मागितल्या.

१९ जुलै

हादियाचा डबा राहिला म्हणून सुगरा शाळेत आली. मी म्हटलं, ‘पाठवलीत, बरं केलंत.’ ती म्हणाली, ‘तुम्ही घरी आलात म्हणून. माझ्या वेळी कुणी आलं नव्हतं, बाई. इथंच होते मी. नववी ब, दोन हजार साल.’

नववी ब माझाच वर्ग होता.

ती गेल्यावर ऑफिसातलं कपाट उपसलं. हजेरीपट सापडला. दिवाळीनंतर तिच्या नावापुढे ओळीनं गैरहजेरी. शेवटी शेरा—‘नाव कमी केले.’

अक्षर माझं.