चाव्या देताना

एवारिस्तो,

पुएब्लाच्या त्या घरांचा पाया आखण्यापासून शेवटचा नळ बसेपर्यंत साईटवर मी उभी होते. तू राजधानीतून नुसते फोन करायचास. काल चाव्या देताना एका मालकीणबाईंनी विचारलं, "ह्या कोण?" तू हसत म्हणालास, "माझी बहीण. गवंड्यांना जेवण घालायची."

चारचौघांत मी गप्प राहिले, म्हणून अजून अंगाची लाही होतेय. सिमेंटनं हात फाटले माझे, निर्लज्जा! आणि आज तुझा निरोप: "ताई, सोमवारी पुढची साईट सुरू कर."

मी चोलुलात स्वतःचं काम घेतलंय. मुकादम सेलेदोनियो म्हणाला, "फिदेलियाताई, आम्ही सगळे तुमच्याबरोबर."

हे पत्र पाठवणार नाही. सोमवारी तुझ्या साईटवर कुणी फिरकलं नाही, की कळेलच तुला.

फिदेलिया