बालटीतलं तापमान

३ फेब्रुवारी, बपेरा
आठ वाजता घाटावर. पट्टीवर पाणी कालच्याहून दोन से.मी. कमी. दामूकाकाजीनं डोंगा नदीवर ताणलेल्या दोरीच्या खुणेवर धरला, मी पाण्याचा वेग मोजायचा करंट मीटर सोडला. फिरकीचे टोले मोजून राहिली होती तं काकाजी नातीच्या लग्नाचं सांगत बसले. तरी एक टोला चुकला नाही. सासऱ्याचं हे नदी मोजायचं काम हाती घेऊन अकरा वर्षं झाली, कानच तयार झाले.
घाटावर सरकारनं बसवलेल्या नवीन मशीनची पातळी माह्याशी बरोबर, वेग बी. फक्त पाण्याचं तापमान नाही. माह्या बालटीतलं १९.५, तिचं २१. तिलेच ताप आला असंल.

७ फेब्रु.
भंडाऱ्याहून आमच्या ऑफिसच्या साहेबाचा फोन. नवीन पोरगा, बोलतो गोड. एप्रिलपासून बपेऱ्याले माणूस ठेवायचा का नुसती मशीन, हे या फरकावरच ठरंल म्हणाला. मग हळूच, "ताई, तुम्ही रोज घाटावर जाता ना?"
तळपायाची आग मस्तकात गेली. पुरात गेली, कावीळ होती तेव्हा गेली, पोरीच्या बारशाच्या दिवशी बी गेली. साहेबाले म्हणली, या एक दिवस, बालटी तुमच्याच हातात देईन.

१० फेब्रु.
आभाळ. वारा बंद. दोघींचं बी २१.५. आली ना बाई ठिकाणावर.

११ फेब्रु.
वारा सुटला. मशीन २१.५, मी १९.५. म्हणजे मशीन वाऱ्याले भेते. वहीत लाल पेनानं तसंच लिहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं आहे तिचं.
ह्यांनी दिवाळीत तुमसरहून आणलेला चष्मा अजून फळीवरच. आज मी पुन्हा ह्यांले विचारलं, कायले आणला म्हणून. घाटावर बायका मास्तरीण म्हणून चिडवतील. दिसते मले सगळं.

१४ फेब्रु.
आज काकाजीले सांगत होती, मशीन कशी खोटी. बालटी भरली, थर्मामीटर बुडवला, काहाडून डोळ्यापाशी धरला. वारा होताच. काकाजी पाहत राहिले अन म्हणाले, "बाई, तू आता बाहेर काहाडून कायले वाचते? पहिले तं बालटीतच वाकून पाहत होती."
मी तशीच उठली.
घरी जाऊन चष्मा आणला. पुन्हा नवीन पाणी भरलं. थर्मामीटर बालटीतच ठेवून पाहिला, २२. बाहेर काहाडला, वाऱ्यात धरून दहा आकडे मोजले. २०. ओल्या अंगानं वाऱ्यात उभं राहिलं तं माणसाले थंडी वाजते, काचेलेही वाजते. सासऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पारा पाण्यातच वाच. मलेच बालटीत आकडे दिसेनासे झाले होते, म्हणून वर घेत गेली. अंगण सरळ होतं. लाज वाटली.

१५ फेब्रु.
कधीपासून? काकाजी म्हणतात, दोन हिवाळे झाले असतील. ह्यांचं म्हणणं, तीन. जुन्या वह्या उघडून बसली. अक्षर माह्यंच, सही माही. कोणत्या सकाळी वारा होता, ते कुठं लिहिलंय? एवढे दिवस वाया... नाही, पातळी अन वेग तरी खरे आहेत. ते मी कोणाले खोटं म्हणू देणार नाही.

१७ फेब्रु.
तीन दिवस चष्म्यानं वाचलं. मशीनशी बरोबर. साहेबाचा मेसेज आला, "ताई, आता जुळतंय. मशीन सेट झाली वाटते. तुमचं काम पक्कं समजा."
हे म्हणाले, झालं ना तुह्या मनासारखं, मग गप राहा. कोणाले कळते. खरंच, कोणाले कळणार नाही. काकाजी तर कधीच बोलणार नाहीत.
पण त्या वह्यांच्या नकला भंडाऱ्याच्या कपाटात आहेत. कोणीतरी काढून पाहील अन म्हणंल, त्या वर्षी नदी थंड होती. नदी थंड नव्हती.

१९ फेब्रु.
साहेबाले अर्ज लिहिला. मशीन बरोबर होती, चूक माही. 'कोणत्या तारखेपासून' इथं बराच वेळ अडली, मग लिहिलं, माहीत नाही, दोन-तीन हिवाळे धरा. खाली लिहिलं, पातळी व वेग तपासून घ्यावे, मी हजर आहे. पोस्टात टाकून आली.
काकाजीले सांगितलं. ते म्हणाले, "एप्रिलमध्ये डोंगा कोणासाठी धरू मग?" मी म्हणली, धरा तर खरं.
चष्मा बालटीतच ठेवला आहे, सकाळी विसरायले नको.