घमेल्याखालची कोरडी जागा

मोठी आई,

मागच्या उन्हाळ्यात तुला लिहिलं होतं त्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. विजा कडाडायला लागल्या की तू डोक्यावर पदर घेऊन भर पावसात अंगणात जायचीस आणि लोखंडी घमेलं पालथं घालून यायचीस, असं मी लिहिलं होतं. तसं नव्हतं. पहिला थेंब पडायच्या आधीच घमेलं अंगणाच्या मधोमध पालथं असायचं, वाऱ्यानं हलू नये म्हणून त्यावर कोयता ठेवलेला असायचा, आणि विजा सुरू होईपर्यंत तू उंबऱ्याच्या आत आलेली असायचीस. ही चूक फक्त माझ्या पत्रात असती तर मी तशीच राहू दिली असती. तुला काही पत्रं पोहोचत नाहीत, आणि मी ती टाकतही नाही. पण आईही तेच खरं मानून चालते, आणि त्यापायी ती एखाद्या दिवशी जीव गमावून बसेल अशी मला भीती वाटते.

गेल्या रविवारी मुडशिंगीला यंदाचा पहिला वळीव झाला. मी इथं कागलला, सासरी. संध्याकाळी अण्णांचा, तुझ्या दिरांचा, फोन आला. आधी ते आंब्याला किती कैऱ्या राहिल्या ते सांगत बसले, मग सहज म्हणावं तसं म्हणाले की तुझी आई आज थोडक्यात वाचली. पाऊस धरला, वीज चमकायला लागली आणि आई घमेलं घेऊन बाहेर पळाली. परतताना शहाबादीवर पाय घसरला, गुडघ्यावर पडली. ती उठतीय तोवर दोन घरं पलीकडच्या माडावर वीज पडली. माडाचा शेंडा अजून धुमसतोय म्हणाले. मी फोन आईला द्यायला सांगितला. मी म्हटलं, विजेत बाहेर जायचं नाही, लोखंड ठेवून वीज टळत नाही, फोनवर धोक्याची सूचना आली होती ती मी तुला दुपारीच कळवली होती. आई म्हणाली, "गेल्या मंगळवारी बी तुझ्या मोबाईलनं पाऊस सांगितलाता. मी वाळत घातलेली मिरची समदी घरात घेतली, दिवसभर आम्ही दोघं शिंकून बेजार, आन् पाऊस कुठं पडला, तर सांगलीला." मी पुन्हा विजेचं काढलं. तेव्हा ती म्हणाली, "तुझी मोठी आई जन्मभर जात हुती की बाहेर. तिला कुणी आडवलं न्हाई. मलाच का शिकिवतीस?" मागून अण्णांचा आवाज आला, "एक जाऊ वर गेलीया, आता दुसरीला हाका मारती बघ." त्यावर आईनं फोन ठेवून दिला.

मला राग आला नाही. मला माहीत आहे ती का जाते. तू असताना घर तुझं होतं. थोरले काका लवकर गेले, तुला मूलबाळ नव्हतं, आणि आई शिरोलीला फाउंड्रीत कोअरच्या कामाला जायची. साच्यात घालायचे वाळूचे कोअर करून संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या नखांत काळी वाळू असायची, आणि तोवर माझं खाणं, वेणी, अभ्यास सगळं तुझ्या हातून झालेलं असायचं. शाळेतून आल्यावर मी हाक मारायची ती तुलाच. आईला ते दिसत होतं. ती कधी काही बोलली नाही, पण तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा "आता घर तू बघ" एवढंच तू तिला म्हणालीस, आणि तिनं ते शब्द पदरात गाठ मारून ठेवले. फाउंड्री सोडली. चटणीला तुझ्याच मापानं कांदा आणि लसूण, शेणींचा ढीग तुझ्याच पद्धतीनं, आंब्याची पहिली पाटी आधी शेजारी. तुझी एकूण एक रीत तिनं उचलली. पण घमेलं घालताना तिनं तुला कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी ती शिरोलीत असायची. पाऊस उघडल्यावर घरी यायची तेव्हा अंगणात भिजलेलं घमेलं तेवढं दिसायचं.

मलाही हे कळलं नसतं. परवा इथं वळीव झाला, चांगला तासभर. संध्याकाळी मी गच्चीवर गेले. सासूबाईंनी धुण्याचा टब पालथा घालून ठेवला होता, तो उचलला, आणि खाली सिमेंटवर पांढरट कोरडा गोल. आजूबाजूला सगळं काळंओलं आणि मधे दुपारची धूळ जशीच्या तशी. मी तो टब हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. सासूबाईंनी खालून विचारलं, पाल हाय का काय टबात. मी नाही म्हटलं आणि खाली आले, पण रात्रीच्या भाकऱ्या दोनदा करपवल्या.

पाऊस उघडला की तू म्हणायचीस, "चल, पाटी उघडूया." मग आपण दोघी चिखलातून अंगणाच्या मध्यापर्यंत जायचो, तू कोयता बाजूला ठेवायचीस, घमेल्याची कड धरून उचलायचीस, आणि खाली माझ्यासाठी कोरड्या मातीची गोल पाटी तयार. तिच्यावर बोटानं एक अक्षर काढायचं. तू माझं बोट धरायचीस, तुझा हात ओल्या शेणीसारखा वास मारायचा. एक वळीव, एक अक्षर. पुन्हा पुढचा पाऊस येईपर्यंत तेच अक्षर चुलीपुढच्या राखेत घोटायचं. एका उन्हाळ्यात पाऊस फिरकला नाही तेव्हा माझं 'ज्ञ' राहून गेलं, ते शाळेत बाईंनी शिकवलं, आणि तू त्या बाईंवर उगाच रुसलीस. मी हे सगळं विसरले नव्हते. फक्त त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. पाऊस सुरू झाल्यावर ठेवलेल्या घमेल्याखाली कोरडी पाटी कुठून येईल?

मग दुपारचा तुझा क्रमही आठवला. जोतिबाची यात्रा होऊन गेलेली, उन्हाची काहिली, म्हैस दावणीला अंग घासत असायची. तू उगवतीकडं बघायचीस आणि म्हणायचीस, आज येतंय बघ. पुष्कळदा यायचं नाही. पण तू वाट बघत बसायची नाहीस. आधी मिरची, मग शेणी, मग दोरीवरचं धुणं, आणि शेवटी घमेलं. सगळं ऊन असताना. पाऊस आला नाही तर संध्याकाळी सगळं पुन्हा बाहेर, आणि अण्णांनी चेष्टा केली की म्हणायचीस, माझा हात दुखला, तुमचं काय गेलं. तू काही धाडसी बाई नव्हतीस, मोठी आई. विजेला तू माझ्याइतकीच भ्यायचीस. आवाज झाला की तुझी बोटं माझ्या खांद्यात रुतायची.

मग आईच्या डोक्यात हे बसलं कुठून, ते शोधत मी त्या एका दिवसापर्यंत आले. माझी दुसरीची परीक्षा झालेली आहे. आपण दोघी उंबऱ्याच्या आत बसलोय. मिरची आत आहे, शेणींवर ताडपत्री आहे, घमेलं घालून झालंय. वारा एवढा की गोठ्याचा पत्रा उचलून उचलून आपटतोय. लाईट गेलीय, घरात अंधार. आईच्या यायची वेळ होऊन गेलीय. तिचं वडाप, शिरोलीहून माणसं भरून येणारी जीप, तिट्ट्यावर थांबतं आणि तिथून घरापर्यंत उघड्या रस्त्यानं चालत यावं लागतं. तू उठतेस, बसतेस. मला विचारतेस, पाच वाजून गेलं असतील न्हवं? मला घड्याळ कळत नाही. मग तिट्ट्याच्या अंगाला वीज पडते, डोळ्यांपुढं सगळं पांढरं होतं, आणि तू डोक्यावर पोत्याची खोळही न घेता बाहेर जातेस. जाताना तुझा पाय घमेल्याला लागतो, कोयता खणकन खाली पडतो. तू वाकून तो उचलत नाहीस. फाटकाचा खांब धरून तू रस्त्याकडं बघत उभी राहतेस. मी दारात मोठ्यानं रडतेय, तुला हाका मारतेय. तू मागं वळून बघत नाहीस.

किती वेळानं कोण जाणे, आई येते. चपला हातात, केस तोंडावर चिकटलेले. फाटकाशी तुला बघून ती दचकते आणि विचारते, "अक्का, पावसात का हुभ्या ऱ्हायलाय?" तू तिच्याकडं बघत नाहीस. तू म्हणतेस, "घमेलं घालाय आलतो. तुझी वाट बघत हुभी ऱ्हायला मी काय मोकळी हाय?"

एवढंच. मग तू तिला आत आणलंस, तुझ्या जुन्या लुगड्यानं तिचं डोकं खसाखसा पुसलंस, तिट्ट्यावरच्या दुकानात थांबायला काय झालंतं म्हणून तिला बोल लावलेस, आणि चुलीवर चहा ठेवलास. दुसऱ्या दिवशी आईनं फाउंड्रीतल्या बायकांना सांगितलं की आमच्या अक्का विजेत बाहेर जाऊन घमेलं घालून येतात, त्यांना भ्या म्हणून न्हाई. घरीही ती हे पाहुण्यांना सांगायची आणि तू ऐकत बसायचीस. तू कधी नाही म्हणाली नाहीस. नाही म्हटलं असतंस तर मग का गेलतीस, हे सांगावं लागलं असतं. पुढं पाहुण्यांना ती गोष्ट मीही सांगायला लागले, आणि सांगता सांगता तीच मला दिसायलाही लागली.

आता हे आईला कसं सांगू, याचा मी दोन दिवस विचार करतेय. फोनवर सांगण्यासारखं नाही, विजेचं नाव काढलं की ती फोन ठेवते. नुसतं एवढंच सांगितलं की तू कधी घमेल्यासाठी विजेत गेली नाहीस, तर इतकी वर्षं आपण वेड्यासारखं पळत होतो असं तिला वाटेल. अण्णा आठवडाभर हसतील. आणि तुझी जागा आपण चालवतोय असं तिला ज्या एका गोष्टीत मनापासून वाटतं, तीच मी काढून घेतल्यासारखं होईल. गुडघ्यापेक्षा ते जास्त लागेल. म्हणून दुसरं अर्धंही सांगायला हवं, की तू बाहेर गेली होतीस ती तिच्यासाठी. पण ते तू स्वतः तिला सांगितलं नाहीस. जवळपास शेवटपर्यंत शुद्धीत होतीस, सांगू शकली असतीस. जे तू झाकून ठेवलंस ते उघडायचा मला अधिकार आहे का, हे मी तुला विचारतेय, आणि तू उत्तर देणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. मी स्वतःला हेही विचारलं की हे सगळं मीच आता रचत तर नाही ना, मला सोयीचं आहे म्हणून. पण कोयता पडल्याचा आवाज मी रचलेला नाही. घमेलं आधीच तिथं नसतं तर तुझा पाय कशाला लागला असता?

घमेलं घालू नको असं मी आईला म्हणणार नाही. लोखंडानं वीज टळते यावर माझा विश्वास बसत नाही, पण वादळ यायच्या आधी अंगणात एक फेरी मारून सगळं आवरावं, आणि मग आत येऊन बसावं, यात वाईट काय आहे? तुझी रीत तेवढीच होती. मी तिला म्हणेन, अक्कांसारखं करायचं तर अक्कांच्या वेळेला कर. आणि विचारलंच तिनं, मग त्या दिवशी त्या बाहेर का हुत्या, तर सांगेन. ती विचारेलच. न विचारता राहणारी ती नाही.

शनिवारपासून जिल्ह्यात वादळी वारा आणि विजांसह पाऊस सांगितलाय. माझी सुट्टी सोमवारी असते. सोमवारपर्यंत थांबावं असं आधी ठरवलं होतं, कारण हिशेबाचं काम तुंबलंय आणि साहेबांना रजा मागायची म्हटलं की मी ते उद्यावर ढकलते. पण सांगलीला जाणारा पाऊस या वेळी मुडशिंगीला येणारच नाही असं कोण सांगू शकतं?

एक गोष्ट मात्र मी तिला सांगणार नाही, ती तुलाच सांगते. त्या दिवशी मी दारात रडत होते ते आई अजून आली नाही म्हणून नव्हे. आई बाहेर रस्त्यावर, विजेत आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तू भिजत होतीस म्हणून मी रडत होते. आपल्या दोघींत तिची आठवण त्या वेळी फक्त तुला होती.

बाकी सगळं तिला सांगेन. रजेचा अर्ज आज दिला. शुक्रवारी दुपारी मुडशिंगीला पोहोचते, ऊन असतानाच.