मेगबद्दल लिहायचं राहिलं

हॅरोबर्न,
मंगळवार, १२ मार्च १९६८

प्रिय जॉस,

तू आणि नोरा नीट पोचल्याचं कार्ड मिळालं. इकडे आम्ही बरे आहोत. विनीचा खोकला गेला. आईची खोली आवरून झाली. शिवणाची पेटी थोरल्या जावेला, नोराला द्यायची असं विनीनं ठरवलंय आणि भिंतीवरचं घड्याळ तुला. कबरीवरची माती आता बसलीय, पण दगड मे महिन्याआधी होणार नाही असं तो पाथरवट म्हणतो. दगडावर काय लिहायचं ते तू कळव. तू थोरला आहेस.

खाणीचं मोठं चाक गेल्या आठवड्यात उतरवलं. निम्मं गाव बघायला गेलं होतं. मी गेलो नाही. त्या दिवशी मी टेकडीवर होतो. ससे यंदा फार झालेत. रोगाच्या त्या वर्षी डोळे सुजलेले, आंधळे ससे रस्त्यावर बसलेले असायचे, आठवतं ना? तेव्हा वाटलं होतं, संपले. आता बघावं तर जुन्या ढिगाऱ्याच्या मागचा सगळा उतार पोखरून टाकलाय.

तू कार्डाच्या शेवटी लिहिलंयस, 'तुझ्या त्या टिबला पिल्लं झाली तर एक माझ्यासाठी ठेव. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुन्हा कुत्रं पाळावंसं वाटलं.' त्यावर उत्तर द्यायला बसून आज चौथा दिवस. तीन कागद चुलीत घातले. विनीनं काल विचारलं, "भावाला पत्र लिहितोयस की पंतप्रधानाला?"

टिब चांगलीच आहे. मयताला आलास तेव्हा तू तिच्या पाठीवरून हात फिरवलास, मांड्या दाबून बघितल्यास, ओठ उचलून दात पाहिलेस आणि म्हणालास, "ज्यानं ही पैदास केली त्याला कळतं. व्हिपेटचा पाय आहे आणि टेरिअरचं डोकं. कुणाची रे?" मी म्हणालो, गावातल्या ऑर्डकडून आणली. ते खोटं होतं.

जॉस, हे मला सरळ लिहिता येत नाहीये. जरा मागून येऊ दे.

बाबांची ती सडपातळ व्हिपेट कुत्री, सॅल, होती तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. पळायची अशी, की बघेपर्यंत पलीकडे. पण काटेरी झुडपातून बाहेर आली की कातडीच्या चिंध्या. पाऊस पडला की थरथरत उभी राहायची आणि तुझ्या कोटाच्या खिशाकडे बघायची. उलट ऑर्डचा तो बेडलिंग्टन टेरिअर. नाक असं, अंगावर लोकर अशी, की कशालाही भीक घालायचा नाही. पण तो पोचेपर्यंत सशाचं जेवण होऊन वामकुक्षी सुरू झालेली असायची. दोघांची जोडी लावायचं तुझ्या डोक्यात आलं तेव्हा पबमधली माणसं काय हसली होती! "डॉड्सच्या पोरानं मेंढीचं लग्न सायकलशी लावलंय!" पहिल्या वेतात खरंच तशीच पिल्लं निघाली. तू मात्र हसला नाहीस. त्यातली एक मादी ठेवलीस आणि ती परत व्हिपेट नराला जोडीला दिलीस. त्या वेतात मेग झाली.

तीन आठवडे तू पावसात पायरीवर बसून पिल्लं बघत होतास. कुठलं आत पळतं, कुठलं भिजत बसतं. मेग भिजत बसली. तू म्हणालास, "ही." मला तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. मला कधीच काही दिसायचं नाही. मी आपला कुदळ आणि पिशवी घेऊन तुझ्या मागून चालायचो. ऑर्ड तर मला 'पिशवी' म्हणूनच हाक मारायचा. "काय पिशवी, आज साहेब कुठे?"

बासष्ट साली तू नॉटिंगहॅमकडच्या खाणीत बदली घेतलीस. तिथल्या भाड्याच्या खोलीत कुत्रं चालणार नव्हतं म्हणून मेग माझ्याकडे ठेवलीस. "घर मिळालं की न्यायला येतो," म्हणालास. मला एकच गोष्ट बजावून गेलास, ही आता टेरिअरला द्यायची नाही. द्यायचीच तर व्हिपेटला. वेग घालवू नकोस.

मेगला घेऊन मी पहिल्यांदा एकटा टेकडीवर गेलो त्या रविवारी तिनं सात ससे आणले. जिवंत, एकालाही दात न लागू देता. तुला आणून द्यायची तसेच माझ्या हातात आणून दिले. पुढच्या रविवारी ऑर्ड दारात आला. "लान्स," म्हणाला, पिशवी नाही म्हणाला, "लान्स, तुझी कुत्री घेऊन येतोस का?" तुझी कुत्री. मी त्याला दुरुस्त केलं नाही. मग मला वाटायला लागलं की मलाही यातलं कळतं. तुझ्यापेक्षा जास्त कळतं. आदल्या खेपेला काटेरी तारेच्या कुंपणात तिचा खांदा फाटला होता. मला वाटलं, हिच्यात अजून टेरिअर पाहिजे, अंगाला जाडी पाहिजे. ऑगस्टमध्ये मी तिला ऑर्डच्या टेरिअरकडे नेलं. तुला विचारलं नाही.

ती पाच आठवड्यांची गाभण असताना तुझं पत्र आलं. घर मिळालं, मागे अंगण आहे, शनिवारी येतो.

ते पत्र मी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. एकीकडे तुझा शब्द मोडला होता. पण खरं सांगतो, तुझ्या रागाची भीती थोडीच होती. पिल्लं माझी होती, जॉस. जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी ठरवून घडवलं होतं, आणि तू येऊन ते पोटासकट घेऊन जाणार होतास. मग रविवारी मी पुन्हा पिशवी.

मी तुला लिहिलं, मेग गेली. तारेत फाटली, जखमेत विष भरलं, दोन दिवसांत संपली. येऊ नकोस.

मेग मेली नव्हती.

लिहून टाकलं. आता पुढचंही लिहितो. तुझा विश्वास बसावा म्हणून मी तिच्या गळ्यातला पट्टा काढला आणि कागदात बांधला. आई टेबलाशी बटाटे सोलत होती. "काय बांधतोयस?" म्हणाली. मी सांगितलं. तिनं मेगकडे बघितलं. मेग चुलीपुढे पसरली होती, पोट वर करून. तिनं पुढचा बटाटा उचलला. मग म्हणाली, "पत्ता नीट लिही. चुकून दुसरीकडे गेलं तर दुसऱ्याच कुणाला रडू यायचं." त्यानंतर सहा वर्षं तिनं माझ्यापाशी त्याचं नाव काढलं नाही. गावाला मी सांगितलं की जॉसनं मेग मला दिली. विनीलाही तेच. कुणी शंका घेतली नाही, कारण तू देशीलच असा माणूस आहेस.

तुझं उत्तर माझ्याकडे आहे. तू लिहिलं होतंस, 'मनाला लावून घेऊ नकोस. तारेवरून उडी मारायला तिला मीच शिकवलं. तू तिच्याजवळ होतास हे बरं झालं.' तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मी कदाचित तेव्हाच सगळं सांगितलं असतं. कदाचित नसतंही. ते पत्र मी ट्रंकेच्या तळाशी लपवलं. आणि रविवारी मेगला घेऊन टेकडीवर गेलो. हेही खरं.

पाच पिल्लं झाली. दोन चांगली निघाली. टिब त्यातल्या एकीची मुलगी, म्हणजे मेगची नात. आता खालच्या खोऱ्यापर्यंत लोक 'डॉड्सची कुत्री' म्हणून विचारत येतात. डॉड्स म्हणजे मी, असं त्यांना वाटतं.

आता आईच्या मयताचा दिवस.

बासष्टनंतर तू पहिल्यांदाच घरी येणार म्हणून मी मेगला सकाळीच गावच्या भाजीबागांतल्या माझ्या तुकड्यावरच्या लाकडी खोपीत कोंडली. अकरा वर्षांची झालीय, एका डोळ्यानं दिसत नाही, कधी कोंडून ठेवलेलं नाही तिला. दिवसभर मी तुझ्या कोपराला चिकटून होतो, ते तुला आधार द्यायला नव्हे. ऑर्ड तुझ्याजवळ येऊन म्हणायला लागला, "जॉस, तुझ्या त्या मेगनं म्हणजे..." आणि मी हॅमची बशी त्याच्या नाकाखाली धरली. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

आपण शवपेटीमागून चालत बागांच्या बाजूनं जात होतो तेव्हा तुझा आवाज तिला ऐकू गेला. तू फक्त नोराला म्हणालास, जपून, चिखल आहे. तेवढंच. खोपीतून ती ओरडायला लागली. भुंकणं नव्हतं ते. तू थांबलास. पेटी पुढे चालली होती आणि तू थांबलास. "म्हातारं कुत्रं आहे," म्हणालास. "कोण माणूस आहे रे हा? असं कोंडून ठेवतात का?" मी म्हणालो, "रेनचं आहे. ते कायमच तसं करतं." शेजारच्या तुकड्याचा रेन बिचारा दोन वर्षांपूर्वीच लीड्सला गेला. तू म्हणालास, "परत जाताना जरा बघ त्याच्याकडे," आणि आपण आईला पुरायला गेलो.

तुमची गाडी सुटल्यावर मी खोपी उघडली. दाराच्या आतल्या बाजूला फळी खरवडून पांढरी झाली होती. तिच्या पुढच्या पायांची नखं तुटली होती, रक्त वाळलं होतं. ती माझ्या अंगावरून पुढे गेली, थेट रस्त्यावर. जिथे तू थांबला होतास तिथला चिखल हुंगत उभी राहिली. मी हाक मारली तर आली नाही. उचलून घरी आणावी लागली.

आईनं दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मला जवळ बोलावलं होतं. मला वाटलं, काही हवंय. म्हणाली, "मी हिंडतीफिरती असताना सांगितलं असतंस तर मी मध्ये उभी राहिले असते. आता तुमचं तुम्ही बघा." तरीही मी मयताच्या दिवशी बोललो नाही. विनीला काल रात्रीच्या जेवणानंतर सगळं सांगितलं. ती उठली, मेगच्या पंजांना मलम लावलं आणि मला म्हणाली, "मला नको सांगूस. मी कुत्र्याची मालकीण नाही."

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. शनिवारी, २३ तारखेला, मी मेगला घेऊन नॉटिंगहॅमला येतो. दुपारी दोनच्या सुमारास गाडी पोचेल. तुझं उत्तर आलं तरी येईन, नाही आलं तरी येईन, कारण उत्तराची वाट बघत बसलो तर मी पुन्हा काहीतरी कारण काढीन; मी मला ओळखतो. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. दोरी हातातून घे आणि जा. मी परतीच्या गाडीनं निघून जाईन.

तुझा भाऊ म्हणून सही करायचा हक्क आहे की नाही ते तू ठरव. तोपर्यंत नुसताच,

लान्स


मंगळवार, २६ मार्च १९६८

लान्स,

मेग इथे आहे. नोरानं तुला स्टेशनवर सांगितलं असेल की मी खाणीत कामावर आहे. कामावर नव्हतो. मी घरीच बसलो होतो. आलो असतो तर फलाटावर तुझं थोबाड फोडलं असतं, आणि दोरी तिच्या गळ्यात असताना मला ते करायचं नव्हतं.

नोरा म्हणते, तू उभ्या उभ्या रडलास आणि चहालाही थांबला नाहीस. ते मला सांगू नको असं मी तिला म्हटलं.

मेगनं दारात मला हुंगलं. पहिल्यांदा बूट, मग हात. मग तिनं माझ्या मांडीवर हनुवटी ठेवली आणि संध्याकाळपर्यंत उचलली नाही. मीही उठलो नाही. दात चांगले आहेत. कान स्वच्छ. तू तिला नीट सांभाळलंस हे मला कबूल करावं लागतंय, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. वाईट वागवलं असतंस तर मला सोपं गेलं असतं.

आईची सगळी पत्रं काल काढून वाचली. प्रत्येक पत्राच्या शेवटी तिनं लिहिलंय, 'घरातले सगळे जिवंत आणि धडधाकट आहेत, सगळे म्हणजे सगळे.' मला वाटायचं, म्हातारी झाली, तेच तेच लिहिते. सहा वर्षं ती मला सांगत होती आणि मी वाचत नव्हतो.

टेरिअरला दिलीस ते चुकलं नाही. टिबला मी हात लावून बघितलंय. वेग थोडा गेलाय, पण जाडी आलीय, आणि मी असतो तर मला ते सुचलं नसतं. विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो, आणि तू भांडायला हवं होतंस. तेवढंच करायचं होतं रे. भांडायचं.

पिल्लू नको. माझं कुत्रं माझ्याकडे आहे. दगडावर आईचं नाव आणि वर्षं घाल, बाकी काही नको.

आत्ता येऊ नकोस. पत्रही पाठवू नकोस. ती फार दिवस काढणार नाही, तुलाही माहीत आहे. तिची वेळ आली की मी तार करीन. तेव्हा ये. खड्डा खणायला मला माणूस लागेल, आणि दुसऱ्या कुणाला मी तिला हात लावू देणार नाही.

जॉस