नलूच्या पुस्तकांवरचे कुंकू

सेलू, २ मे १९८१

आदरणीय इखार सर यांस,
नलूचा थोरला भाऊ चंद्रभान याचा नमस्कार.

आपल्या शाळेच्या पुस्तकपेढीतून वर्षभरासाठी भाड्याने घेतलेली नववीची पुस्तके नलूने काल परत केली. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुंकवाचा डाग पाहून आपण म्हणालात, "पुस्तके खराब केली. दहावीचा संच मिळणार नाही."

नियम मला मान्य आहे. पण ते कुंकू आईने दसऱ्याच्या पूजेत लावले. मी सातवीपर्यंत शिकलो तो शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावून. आमच्या घरी दसऱ्याला तोवर फक्त विळा पुजला जाई; पूर्ण संच घरात पहिल्यांदाच आला होता.

नवी पुस्तके घेणे आम्हाला झेपणार नाही. नलूची शाळा सुटेल.

आज ती चुलीपाशी रडत होती. आईला कारण ठाऊक नाही. ती म्हणाली, "काऊन रडून राह्यली वं? पास झाली ना? म्या कुंकू लावलं म्हणून झाली. दहावीच्या पुस्तकाईले अजून जास्त लावीन!"

मी बाहेर येऊन हे पत्र लिहायला बसलो.

हे पत्र दिले तर शाळेत आईचे नाव निघेल, म्हणून देणार नाही. उद्या स्वतः येईन आणि कुंकू मीच लावले असे सांगेन. बोलायचे ते मला बोला, सर. पुस्तके नलूला द्या.

आपला,
चंद्रभान