सुमनची चपळाई

पळसदरी, मंगळवार संध्याकाळ

आज सुमनचा दहावा झाला. घरी आल्यावर वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझी बायको लई कामाची होती रं. घडीभर बसायची नाय." बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. नेहमीसारखीच.

हायपरथायरॉइडिझम. खोपोलीच्या डॉक्टरांनी शेवटच्या दिवशी सांगितलं, गळ्यातली ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत होती, म्हणूनच तिला स्वस्थ बसवत नव्हतं; हृदयाला ते झेपलं नाही. दोन वर्षं तिचे हात कापत होते. चहा देताना कप बशीवर वाजायचा. चार भाकऱ्या खाऊनही ती वाळत चालली, तेव्हा आम्ही काय केलं? मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. "छातीत धडधडतंय हो," म्हणाली, तर मी म्हटलं, "चहा कमी कर." तो कप रोज ऐकत होतो मी. आणि पाहुण्यांपुढे तिच्या चपळाईचं कौतुक करत होतो. आजाराचं कौतुक!

मघाशी आमच्या वैशालीने वीस जणांची भांडी एकटीने भराभर घासून टाकली. वहिनी म्हणाली, "अगदी आईवर गेलीस गं पोरी!"

"वैशाली, खाली बस," मी ओरडलो. सगळे दचकले.

ती बसली. तिच्या आईला हे मी एकदाही म्हटलं नाही. उद्या पोरीचं रक्त तपासून घेतो. सुतकात बाहेर पडलो म्हणून कोण काय म्हणायचं ते म्हणो.